मोडलेला एतेकाफ

माझा स्वभाव शकी आहे, हे आधीच सांगून टाकते. गवळ्यानं मापाच्या वर चार थेंब दूध घातलं तरी मी त्याला विचारते, आज कावून एवढं? त्यामुळं त्या रमजानात, विसाव्या रोज्याच्या दुपारी, सासूबाई म्हणाल्या, "औंदा मी एतेकाफाला बसते," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, तरी सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, मला दुल्हनच म्हणायच्या. एवढ्या वर्षांत अम्मा कधी बसल्या नव्हत्या. घरात आमची दखनी चालते, पण इथं सगळं मराठीतच लिहिते.

एतेकाफ म्हणजे रमजानचे शेवटचे दहा दिवस दुनिया बाजूला सारून अल्लाहच्या दारात बसायचं. पुरुष मशिदीत बसतात. बाईनं घरातच, नमाजच्या जागी पडदा लावून बसायचं. संडासला आणि वजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला, उठायचं, बाकी पडद्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की एतेकाफ मोडला. शेजारच्या काकू ब्लाऊजपीस द्यायला आल्या तेव्हा त्यांना हे समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हंजे आमच्यात पारायणाला बसत्यात तसंच की." मी म्हणलं, तसंच समजा, फक्त आमच्यात मधी च्या प्यायला सुटी न्हाई.

माझा शक हवेतला नव्हता. रमजानच्या महिनाभर आधी अम्मांचे धाकटे भाऊ आष्टीहून आले होते. आमचे हे त्यांना मामू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी माझ्या पोरीसाठी स्थळ आणलं होतं. मुलाचं आष्टीत टायरचं दुकान. ईदला मंगनी करायची आणि पुढं चार महिन्यांनी पोरीला अठरा पुरे झाले की निकाह, असा त्यांचा बेत. पोरगी तेव्हा बारावीच्या अभ्यासाला बसली होती. तिला अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं होतं. मला नववीतून उठवलं आणि निकाह लावला. तेव्हापासून शिलाई मशीनवर बसलेय. माझं झालं ते तिचं होऊ देणार नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आमचे हे केज ते अंबाजोगाई काळीपिवळी चालवतात. रस्त्यात कुणाशीही भांडतील, पण मामूंपुढं तोंड उघडत नाहीत. म्हणाले, "अम्मा म्हणतील तसं." आमच्या घरची रीतच आहे तशी. लग्नाचा शब्द घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं द्यायचा, त्याशिवाय मंगनी होत नाही. अम्मांना विचारलं तर सुपारी कातरत म्हणाल्या, "बघू." रमजान लागला तरी नुसतं बघूच. ताकास तूर लागू देईनात. भाऊ त्यांचा, स्थळ भावाचं, मग ही बाई कुणाच्या बाजूनं असणार, ते मला न सांगता कळत होतं.

विसाव्या रोज्याला मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या आधी मी मशीनशेजारच्या कोपऱ्यात त्यांच्या जुन्या निळ्या साडीचा पडदा बांधला. नमाजचं आसन जानमाज, कुराण, जपाची तस्बी, पाण्याचा तांब्या आत ठेवला. मग अम्मा म्हणाल्या, "माझी पेटी पण आत सरकव." पत्र्याची पेटी, कुलूपवाली. आता तुम्हीच सांगा, दुनिया सोडून बसणाऱ्याला पेटी कशाला लागते? मी विचारलंच. म्हणाल्या, "राहू दे जवळ." मी मनात म्हणलं, पोरीच्या मंगनीची साडी असणार आत.

ते दिवस तर कामाचे. ईदचे कपडे शिवायचे, ऊसतोडीवरून परतलेल्या बायकांचे लग्नसराईचे ब्लाऊज शिवायचे, घर झाडायचं, पहाटे सहेरी, संध्याकाळी इफ्तार. अम्मा आत, आणि सगळं माझ्या डोक्यावर. त्यात दुसऱ्याच दिवसापासून त्या पोरीला पडद्याआड बोलवायला लागल्या. दुपारी जोहरची नमाज झाली की अर्धा तास. मशीन थांबवून कान दिला की आतलं कुजबुजणं थांबायचं. मशीन सुरू केली की पुन्हा सुरू. पोरगी बाहेर आली की मी विचारायची, काय म्हणल्या? "काही न्हाई, अम्माला बारीक अक्षर दिसंना, कुराण वाचून दाखवलं." कुराण काय कुजबुजून वाचतात? एकदा तिचे डोळे लाल दिसले. का म्हणून विचारलं तर म्हणाली, कांदा लागला. पडद्यामागं कांदा कुठून आला, हे काही तिनं सांगितलं नाही.

बाविसाव्या रोज्याला मामू आले. पडद्यासमोर बसले आणि म्हणाले, "आपा, मुलाकडचे ईदच्या आत शब्द मागतेत. न्हाईतर ते दुसरीकडं बघतेत." आतून नुसती तस्बी फिरल्याचा आवाज. मग अम्मा म्हणाल्या, "मी एतेकाफात हाय. इथं दुनियेचं बोलणं न्हाई." मामू म्हणाले, मी सव्विसाव्या रोज्याला इफ्तारला येतो. मला वाटलं, हे बहीणभावांचं माझ्यादेखत चाललेलं नाटक आहे. होकार आधीच झालाय, मला उगी झुलवतायत.

चोविसाव्या रोज्याला ह्यांनी सांगितलं, मामूंनी पोरीचं आधार कार्ड आणि दाखला मागितलाय, वय बघायला. मी कपाट उघडलं तर कागदांची पिशवीच जागेवर नाही. दहावीची मार्कलिस्ट, दाखला, आधार, सगळं त्या एका पिशवीत. ते सापडलं नाही तर नर्सिंगचा फॉर्म कशावर भरायचा? मला वाटलं, ह्यांनी आधीच मामूंना देऊन टाकले आणि आता शोधायचं सोंग करतायत. ह्यांना वाटलं, मी लपवले. दोन दिवस आम्ही नवराबायको एकमेकांकडं चोरासारखे बघत होतो.

माझी खरी धास्ती मात्र वेगळीच होती. या शेवटच्या दहा दिवसांत एक रात्र अशी असते की तिच्यातली इबादत, म्हणजे उपासना, हजार महिन्यांच्या इबादतीहून मोठी. शबे कद्र. त्या रात्री फरिश्ते खाली उतरतात आणि मागणाऱ्याची झोळी रिकामी जात नाही, अशी आमची श्रद्धा. ती रात्र नेमकी कोणती हे अल्लाहनं झाकून ठेवलंय, पण आमच्याकडं सगळ्यांचा जोर सत्ताविसावीवर. आमची रात्र दिवसाच्या आधी येते, म्हणजे सव्विसावा रोजा सोडला की सत्ताविसावी रात्र लागली. पंचविसाव्या दिवशी मी अम्मांच्या दुआत पोरीचं नाव ऐकलं आणि त्याच्या पाठोपाठ मामूंचं. त्या त्याच दोन नावांवर घोटाळत होत्या आणि रडत होत्या.

मग माझीही दुआ सुरू झाली, त्यांच्या दुआच्या उलट. पाची नमाजांनंतर हात उचलून म्हणायची, या अल्लाह, पडद्यातून जे मागितलं जातंय ते देऊ नको. कुणी हसेल, पण मी मनापासून भ्याले होते. त्या सहा दिवस दुनिया सोडून बसलेल्या आणि मी मशीनवर बसून गिऱ्हाइकांना शिव्या घालणारी. सत्ताविसावीच्या रात्री आमच्या दोघींची दुआ वर गेली तर आधी कुणाची ऐकली जाईल, हे सांगायला मौलाना नको.

म्हणून मी ते केलं. सव्विसाव्या रोज्याला दिवस कलताना असरची नमाज होऊन गेली होती. हे गाडीवर होते, पोरीला मी काकूंकडं ब्लाऊज द्यायला पाठवलं होतं. स्वयंपाकघरात गेले, मोठं पातेलं फरशीवर टाकलं, शेजारी खाली बसले आणि हाक मारली, "अम्मा, पडले मी. उठता येईना."

गुडघ्यांनी अधू बाई, पण कशी आली ते मला कळलं नाही. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात तस्बी तशीच. माझ्या काखेत हात घालून विचारायला लागल्या, "कुठं लागलं? डोक्याला न्हाई ना लागलं?" मी म्हणलं, कमरेत. त्या खाली बसल्या आणि माझी कंबर चोळायला लागल्या. चोळता चोळता त्यांची नजर दारातून पडद्याकडं गेली. साडीचं एक टोक सुटून लोंबत होतं. म्हणाल्या, "गेला." एवढंच. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच त्या आनंदाची इतकी लाज वाटली की मी मान वर केली नाही.

इफ्तारच्या दहा मिनिटं आधी मामू आले. हे पण घरी आले होते. खाली अंथरलेल्या दस्तरखानावर खजूर, भजी, कापलेलं टरबूज. अम्मांना बाहेर बसलेलं बघून मामू म्हणाले, "आपा बाहेर? एतेकाफ मोडला का? अल्लाहची मर्जी असंल त्यात. आता तर बोलता येतंय. दे शब्द." आमचे हे खजुराकडं बघत बसले. पोरीनं माझा पदर धरला. मी मनात म्हणलं, झालं, गेली पोर, आणि मीच वाट मोकळी करून दिली.

अम्मा म्हणाल्या, "न्हाई."

मामूंना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मग अम्मा हळू, पण नीट बोलल्या, "पोरगी शिकणार हाय. अंबाजोगाईला जाणार हाय. माझा शब्द न्हाई." मामू तांबडेलाल झाले. म्हणाले, "आई गेल्यावर तू मला सांभाळलंस. मी तुझ्या दारात रोजा सोडायला आलो, आणि तू मला माझ्याच भाच्यासमोर खाली बघायला लावतीस?" मामू उठले. तेवढ्यात अजान झाली. त्यांनी आमच्या घरातला खजूर तोंडात घातला नाही. बाहेर मोटारसायकलजवळ उभं राहून आपल्या बाटलीतल्या पाण्यानं रोजा सोडला आणि गेले. अम्मांच्या हातातला खजूर हातातच राहिला होता. पोरीनं तो त्यांच्या तोंडात घातला.

मगरिब झाल्यावर अम्मांनी मला पेटी उघडायला लावली. आत त्यांचं कफनाचं कापड, मक्केच्या जमजम पाण्याची बाटली आणि वर कागदांची पिशवी. मार्कलिस्ट, दाखला, आधार, सगळं जागच्या जागी. म्हणाल्या, "माझ्या पोराला मामूची भीड पडती, त्यानं देऊन टाकले असते. म्हणून घेऊन बसले." मग भिंतीला टेकून सांगत राहिल्या. पडद्यात होते तोवर मला कुणाला न्हाई म्हणायची पाळी न्हवती. ईद झाली असती, मुलाकडच्यांनी दुसरी पोरगी बघितली असती. पोर पण राहिली असती आणि भाऊ पण. मी विचारलं, मला का न्हाई सांगितलं? पोरगीच मधी बोलली, "अम्मा म्हणायच्या, तुझ्या आईला कळलं तर ती मामूंशी भांडंल." ते काही खोटं नव्हतं. पडद्याआड त्या पोरीला रोज एकच विचारत होत्या, खरंच जायचंय का, वसतिगृहात एकटी राहशील का?

मग अम्मा जे म्हणाल्या ते माझ्या काळजात आजही रुतून आहे. "माझी नियतच साफ न्हवती. अल्लाहसाठी बसले म्हणलं, आणि बसले भावापासून लपायला. म्हणून त्यानं मोडला असंल." तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. पातेलं मी टाकलं, असं नुसतं म्हणायचं होतं. एकोणीस वर्षांत माझ्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, पण त्या संध्याकाळी जीभ उचलली नाही. सत्ताविसावीच्या रात्री अम्मा उघड्या जानमाजवर बसल्या. मी त्यांच्या मागं बसले आणि नुसती माफी मागत राहिले. ती अल्लाहकडं मागायची का अम्मांकडं, हेही मला नीट कळत नव्हतं.

ईदला मामू आले नाहीत. अम्मांनी शीरखुर्म्याची वाटी त्यांच्यासाठी झाकून ठेवली, ती दुसऱ्या दिवशी आंबली. पोरगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शनिवारी बापाच्या गाडीतून घरी येते. मामू अजून येत नाहीत. दर ईदला अम्मा त्यांना फोन लावतात, ते उचलत नाहीत. आईविना वाढवलेला भाऊ त्यांनी माझ्या लेकीसाठी गमावला, आणि तोही गमवायची गरज नव्हती. चार दिवस पडदा टिकला असता तर दोन्ही हातांत राहिलं असतं.

मोडलेल्या एतेकाफाचा एक दिवस भरून काढावा लागतो, रोजा ठेवून. अम्मांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते राहून गेलं होतं. मग थंडीत, दिवस लहान झाल्यावर, एका संध्याकाळी म्हणाल्या, "उद्याचा रोजा धरते. पडदा बांध." मी तीच निळी साडी काढली, कोपरा झाडला, जानमाज अंथरलं. पेटीचं विचारलं तर नको म्हणाल्या. त्या भिंतीला धरून हळूहळू आत बसल्या आणि मी पडदा सोडायला हात वर केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता.

"दुल्हन," त्या म्हणाल्या, "या बारीला पडू नको."