ब्रायटनच्या पबमध्ये दाजींचं भाषण

सोलापूरहून निघण्यापूर्वी लोकांनी मला इंग्लंडबद्दल इतकं सांगून ठेवलं होतं की तिथे पोचल्यावर बघायला फारसं काही उरलंच नव्हतं. उरलं होतं ते मेडनहेड. माझी ताई आणि दाजी गेली तीस वर्षं ह्या गावात राहतात. गाव स्वच्छ आहे, शांत आहे, आणि संध्याकाळी सहानंतर तिथे कुत्रंही फिरत नाही. फिरलंच तर मागून हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन मालक चालत असतो. ह्याला तिथे सुसंस्कृतपणा म्हणतात.

दाजी डॉक्टर आहेत. इस्पितळात भूल देतात. घरी कराओकेवर गातात, आणि तिथे त्यांना औषधाचीही गरज पडत नाही. आमच्याकडेही आता प्रत्येक निवृत्त इंजिनिअरने माईक आणि स्पीकर घेतला आहे, त्यामुळे हा आजार मला नवा नव्हता. पण दाजी युगुलगीतातला बाईचा भागसुद्धा स्वतःच गातात, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. ताईचा उपाय ठरलेला आहे. गाणं सुरू झालं की ती मिक्सर लावते.

शनिवारी आम्ही नीलला भेटायला ब्रायटनला निघालो. नील हा त्यांचा एकुलता एक मुलगा, तिथल्या शाळेत गणित शिकवतो. वाटेत मोटरवेवर गाड्या तुंबल्या होत्या. पेट्रोल पंपावर थांबून थंडगार सँडविच खाल्लं. दोन पावांच्या मध्ये अंडं होतं आणि अंड्याला कशाचीही चव नव्हती. ताईने पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढली म्हणून निभावलं.

ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. लोक त्या गोट्यांवर उघडे पडून होते आणि त्याला सुट्टी म्हणत होते. ताई-दाजी पिअरवर (समुद्रात शिरलेला लाकडी धक्का) आइस्क्रीम खायला गेले. नील मला घेऊन किनाऱ्याने पुढे निघाला.

"मामा, तुला एक सांगायचं आहे," तो म्हणाला. "मी गे आहे. टॉम आणि मी टुगेदर राहतो. आई-बाबांना माहिती नाही. आज त्यांना कळायला पाहिजे."

मला धक्का बसला का? बसला, खोटं कशाला बोलू. आमच्या पिढीला हा विषय माहीत असतो, फक्त आपल्या घरात असतो हे माहीत नसतं. पण पोराचा चेहरा बघितला आणि धक्का बाजूला ठेवला. कसं सांगणार आहेस, असं मी विचारलं.

"सांगणार नाही. मी डिनरला टेबल बुक केली आहे. गे पब आहे, बाहेर आमचे एवढे मोठे फ्लॅग्ज आहेत. शनिवारी टॉम तिथे कराओके चालवतो, सो बाबांना गायला पण मिळेल. आत गेल्यावर त्यांना कळेलच ना. मला बोलावं लागणार नाही."

"आणि नाही कळलं तर?"

"मामा, प्लीज. कोणालाही कळतं."

दिवसभर पोरांना गणितं फोडून सांगणाऱ्या ह्या माणसाला बापापुढे एक वाक्य बोलायची भीती वाटत होती, म्हणून त्याने ते काम एका इमारतीवर सोपवलं होतं. धन्य ते शिक्षण, असं मी मनातच म्हटलं.

आम्ही पबपाशी पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. तिकडे उन्हाळ्यात जेवायची वेळ झाली तरी सूर्य हटत नाही. दारावर, खिडक्यांवर, छपरावर, सगळीकडे इंद्रधनुष्याचे झेंडे फडफडत होते. दाजी रस्त्यातच थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघितलंस, अविनाश? अजून विसरले नाहीत," ते म्हणाले. "कोरोनाच्या दिवसांत आम्ही इस्पितळात राबत होतो ना, तेव्हा घराघरांच्या खिडकीत मुलांनी अशी इंद्रधनुष्यं चिकटवली होती. आमच्यासाठी. हे लोक बघ, अजून झेंडे लावतात."

मी नीलकडे पाहिलं. नील बुटांकडे पाहत होता. तीस वर्षांत दाजींनी इस्पितळ, घर आणि मराठी मंडळ एवढंच इंग्लंड पाहिलं होतं, आणि एकदा निदान केलं की ते बदलायची त्यांना सवय नाही.

आत शिरताच पापण्यांना निळी चमकी लावलेल्या एका धिप्पाड गृहस्थाने ताईचा कोट घेतला आणि तिला खुर्ची ओढून दिली. दाजींनी त्याला लगेच आपलं इस्पितळ सांगितलं. तो "लव्हली" म्हणाला. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे हातात हात घेऊन बसले होते.

"भाऊ-भाऊ दिसतात," दाजी हळूच मला म्हणाले. "असं प्रेम आता आपल्याकडे राहिलं नाही."

जेवण आलं. तळलेला मासा, बटाट्याचे जाड काप आणि मशी पीज (उकडून घोटलेले हिरवे वाटाणे). ह्या वाटाण्यांना फोडणी द्यायचं त्या बेटावर अजून कोणाला सुचलेलं नाही. बिअर कोमट होती. गाणारे एकजात बेसूर होते. पण तिथे टाळ्या गाण्याच्या आधीच पडतात, त्यामुळे सुरात गायची कोणाला निकड वाटत नसावी. लाल दाढीचा, किडकिडीत टॉम माईक हातात घेऊन ज्याला-त्याला प्रेमाने पुढे ओढत होता. आमच्या टेबलाकडे यायचं मात्र तो टाळत होता.

शेवटी दाजीच उठले. हिंदी ट्रॅक त्यांच्या फोनमध्ये कायम असतात. टॉमने फोनला वायर जोडली. आणि गाण्याआधी दाजींनी भाषण केलं, इंग्रजीत. मी इथे मराठीत देतो.

"देशातल्या सर्व डॉक्टरांच्या वतीने मी तुमचे आभार मानतो. आम्ही फक्त आमचं कर्तव्य केलं. पण तुम्ही हा झेंडा अजून खाली उतरवला नाही, हे मी कधीच विसरणार नाही."

मग सगळा पब उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वाटाण्यांत तोंड खुपसून बसलो. दाजींनी दोन्ही आवाजांत अख्खं गाणं म्हटलं आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

"ह्याला म्हणतात कदर," घाम पुसत टेबलाशी येऊन ते म्हणाले. "मंडळात लोक गाणं चालू असताना वडे खातात."

नीलचा चेहरा पांढराफटक पडला होता. इमारतीने काही त्याचं काम केलं नव्हतं.

"बाबा, तो फ्लॅग डॉक्टरांचा नाही," तो म्हणाला.

"मग कोणाचा?"

"माझा. ही गे पब आहे, बाबा. मी गे आहे. टॉम, ज्याने आता तुमचा ट्रॅक लावला, मी त्याच्याबरोबर राहतो."

ताईने काटा खाली ठेवला आणि नीलचा हात धरला. दाजींनी भिंतीवरचे झेंडे पाहिले. मग शेजारचे दोघे म्हातारे पाहिले. तेवढ्यात मागून लोक टेबलं बडवायला लागले. डॉक्टर, आणखी एक, असा त्यांचा आग्रह होता. दाजी उठले, खुर्चीवरचा कोट घेतला आणि सरळ बाहेर गेले. माईक हाताशी असताना ते उठून गेले, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी मागोमाग गेलो. ते फुटपाथवर उभे होते.

"तुला माहीत होतं?"

"दुपारपासून."

"आणि तू मला ते भाषण करू दिलंस."

मला राग आला. पोराने जन्माचं ओझं बापापुढे उतरवलं होतं आणि बापाला आपल्या भाषणाची लाज वाटत होती. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं. दाजी पबच्या दाराकडे वळले. त्यांनी विचारलं, "ते हसले कसे नाहीत? एकही माणूस हसला नाही. उलट टाळ्या वाजवल्या."

"टॉमने सगळ्यांना सांगून ठेवलं असेल, नीलचे आई-बाबा येणार आहेत म्हणून. नीलसाठी वाजवल्या त्यांनी."

दाजी गाडीत जाऊन बसले. मी ताईला बोलवायला आत गेलो, तर टॉम टेबलाशी येऊन बसला होता आणि ताई त्याच्या ताटात शेंगाचटणी वाढत होती.

मग मी मेडनहेडला होतो तोवर दाजी गायले नाहीत. नीलचा फोन ताईला आला की ते बागेत जाऊन गवत कापत. कापायला गवत उरलं नव्हतं, तरी मशीन फिरवत. ताई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्या घरात मिक्सरही बंद झाला आणि मला, कोणाला खरं वाटणार नाही, ते बेसूर गाणं हवंसं वाटू लागलं.

इंग्लंड पाहण्यासारखं आहे का, असं आता सोलापुरात लोक विचारतात. नाही, असं मी सांगतो. गोटे आहेत, वाटाणे आहेत, आणि परदेशात राहून गावातल्यापेक्षा जास्त गावठी झालेली आपली माणसं आहेत. त्यांतलाच एक नमुना मी निघायच्या दिवशी दारात उभा राहिला. ब्रॅकनेलला आयटीत असलेले, मंडळाचे एक पदाधिकारी. भारतात कोणी निघालं की ह्या लोकांना वास येतो. आपल्या आईला पोचवायला त्यांनी चॉकलेटांचं भलंमोठं पार्सल आणलं होतं.

"डॉक्टरसाहेब, नीलचं काय?" निघता निघता त्यांनी विचारलं. "माझी मेहुणी मास्टर्सला आली आहे इकडे. तुम्ही म्हणत असाल तर बोलतो."

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"नीलचं ठरलंय," दाजी म्हणाले.

"अरे वा. मुलगी कुठली?"

"मुलगी नाही, मुलगा आहे. ब्रायटनचा. टॉम नाव."

गृहस्थ आधी हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. आई पुढच्या महिन्यात इकडेच यायची आहे, हे त्यांना अचानक आठवलं. पार्सल काखेत मारून ते गेले. माझी बॅग तेवढी हलकी झाली.

दार लावून दाजींनी तिथेच उभ्याउभ्या नीलला फोन लावला.

"ब्रॅकनेलला सांगून झालंय," ते म्हणाले. "म्हणजे उद्यापर्यंत सगळ्या मंडळाला कळेल. आता तुला कोणाला काही सांगावं लागणार नाही. रविवारी जेवायला या, दोघंही."

एरवी दाजी समोरच्याला बोलायला जागा ठेवत नाहीत. त्या दिवशी ते फोन कानाला लावून मुलगा बोलेपर्यंत थांबले.