लिमयांचं गुलमर्ग

त्या दिवशी सकाळी मी लिमयांवर चिडलेलो होतो. दुकान उघडायच्या वेळेला येतो म्हणाले, की मी यायच्या आधीच हा गृहस्थ बंद शटरसमोर येरझाऱ्या घालत असायचा. वर ‘काय मुश्ताकभाई, आज रात्र जरा लांबली वाटतं’ हा टोमणा ठरलेला. त्या दिवशी शटर वर गेलं, झाडून झालं, पहिलं गिऱ्हाईक कॅरमची पावडर घेऊन गेलं, तरी लिमयांचा पत्ता नाही. आदल्या संध्याकाळी आमचं चांगलंच वाजलं होतं. मी त्यांना बजावलं होतं, ‘आधी तुम्ही गुलमर्गला जाऊन या, मग माझ्याशी राणीखेतचं बोला. नाहीतर मी कुठेच येत नाही.’ त्यावर त्यांनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली, स्कूटरला किक मारली आणि ‘उद्या बघू’ म्हणून निघून गेले. तर आता रुसून बसलेत, असं म्हणत मी त्यांच्या घरी फोन लावला. पलीकडे त्यांची मुलगी मेधा होती. ‘काका, बाबा गेले... पहाटे, झोपेतच.’ खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर, छे, काहीतरी घोटाळा आहे. हा माणूस झोपेत कसा जाईल? आधी झोपायला तर हवा!

आमचं कॅम्पात खेळाच्या सामानाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. बॅटी, रॅकेटी, कॅरम, आणि गोल्फच्या काठ्यांना नवी पकड बसवून देण्याचं काम. हे काम पुण्यात फार जण करत नाहीत. श्रीधर लिमये पहिल्यांदा आले ते असल्याच कामासाठी. पाटबंधारे खात्यात इंजिनियर, मूळचे नारायण पेठेतले, नोकरीच्या शेवटी विश्रांतवाडीला घर बांधलेले. शेजारच्या एका निवृत्त कर्नलनं आपल्या जुन्या काठ्या त्यांच्या गळ्यात मारल्या होत्या. त्या घेऊन ते आले आणि मी पकड चिकटवेपर्यंत दुकानातला प्रत्येक चेंडू हातात घेऊन, दाबून, आपटून पाहिला. ‘बसा ना साहेब,’ मी म्हणालो. ‘बसायला आलो असतो तर सलूनमध्ये गेलो असतो,’ हे त्यांचं उत्तर. इतका राग आला होता! पण पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर येरवड्याच्या गोल्फच्या मैदानावर मीच गेलो. आयुष्यभर काठ्या दुरुस्त केल्या, पण खेळायला मला या माणसानं लावलं. शेवटपर्यंत आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करत राहिलो. भांडण झालं की त्यात ‘आपण’ यायचं, आणि मग समजायचं की प्रकरण गंभीर आहे.

लिमयांच्या पायाला भिंगरी होती. खात्यात असताना कालव्याच्या कडेनं मैलोन्मैल चालायची सवय, ती निवृत्तीनंतर जाणार कुठे? मैदानावर आपला फटका मारून ते चेंडूच्या मागे असे निघायचे, की जणू चेंडू कुणी पळवून नेणार आहे. घरी जेवताना दोनदा उठायचे. सुमनवहिनी म्हणायच्या, ‘यांचं ताट मी खिडकीत ठेवते, येता-जाता घास घेतात.’ अशा माणसाच्या डोक्यात एकदा आलं की आपण दोघांनी दोन मैदानांवर खेळून यायचं, एक वाळवंटातलं आणि एक डोंगरातलं. का, तर पुण्यात सगळं मधलंच आहे. ना धड डोंगर, ना धड माळ. मी ‘हो’ म्हणालो, कारण नाही म्हटलं असतं तरी काही फरक पडला नसता.

आता ही दोन मैदानं निवडायची कशी? दुसरा कुणी असता तर त्यानं चार फोटो पाहिले असते. लिमयांची पद्धत निराळी. कुणी बाहेरगावी खेळून आला असं कळलं, की त्याला गाठायचं आणि एकच विचारायचं, ‘तुम्हाला कुठला होल आठवतो?’ होल म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून भोकापर्यंतचा मैदानाचा एक टप्पा. मैदान कसं आहे, हिरवळ कशी आहे, हे विचारायचंच नाही. समोरचा माणूस जेवणाचं, खोल्यांचं, गार पाण्याच्या तलावाचं सांगायला लागला की ते मैदान बाद. ‘ज्याला मटार पनीर आठवतो, त्याला मैदानानं काही दिलेलं नाही,’ असं म्हणत ते तिथल्या तिथे पाठ फिरवायचे. माणसं दुखावली जायची हो! मी मागून सावरून घ्यायचो. पण त्या कर्नलला त्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा ते गुलमर्गच्या एका होलबद्दल जे बोलायला लागले, ते चहा निवला तरी थांबेनात. उंचावरून खाली मारायचं, समोर देवदार, मागे बर्फ, आणि चेंडू हवेत इतका वेळ राहतो की खाली पडेल की नाही अशी शंका यावी... लिमये ते उभ्यानं ऐकत होते. परतताना स्कूटरवर माझ्यामागे बसून एवढंच म्हणाले, ‘डोंगराचं ठरलं.’

आणि नेमकं त्याच सुमारास माझ्या छातीत दुखायला लागलं. बायपास झाली. बरा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला, हळूहळू खेळा, पण फार उंचावर जाऊ नका. माझ्याबरोबर लिमये होतेच. ‘फार म्हणजे किती? नेमकी रेषा सांगा,’ म्हणून ते डॉक्टरांच्या खनपटीला बसले. डॉक्टर बिचारे ‘साधारण’, ‘शक्यतो’ असं काहीबाही सांगत होते. शेवटी वैतागून म्हणाले, ‘दोन हजार मीटर. झालं समाधान?’ झालं, तिथेच सगळा खेळ बदलला. लिमयांनी घरी जाऊन त्यांच्याकडच्या सगळ्या नकाशांवर दोन हजार मीटरची रेषा लाल पेन्सिलीनं गिरवून काढली. गुलमर्ग त्या रेषेच्या बऱ्याच वर होतं.

पुढे काय करायचं ते ठरेना, म्हणून आधी वाळवंट घ्यायचं ठरलं. तिथेही यांची कटकट. राजस्थानात एका मोठ्या हॉटेलचं गालिच्यासारखं हिरवंगार मैदान आहे, असं कुणीतरी सांगितलं. लिमये भडकले. ‘कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचेना म्हणून मी उभ्या नोकरीत शिव्या खाल्ल्या. आणि आता वाळवंटात पाणी पिणाऱ्या हिरवळीवर उभा राहून चेंडू मारू? आपण जा खुशाल!’ ‘आपण’ आलं म्हणताना ते हॉटेल बाद झालं. मग पुन्हा कर्नलनाच पकडलं. त्यांनी तरुणपणी बिकानेरच्या पलीकडे एका छावणीजवळच्या मैदानावर खेळलेलं सांगितलं. तिथे गवताची काडी नव्हती. भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल घालून चोपलेली वाळू, आणि आपलं खेळून झालं की मागच्यासाठी ती लाकडी फळीनं सारखी करून पुढे जायचं. लिमये खूश! वाळवंटातलं मैदान असावं तर असं.

आम्ही पोचलो आणि जीपमधून उतरलो तर समोर... गवत. चांगलं पोटरीभर हिरवं. मधल्या काळात तिथे कालवा आला होता! पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे सुचू नये? कर्नलच्या तरुणपणाचं मैदान आपण आज बघायला निघालोय, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला हसू आवरेना. लिमये मात्र काठ्या तिथेच टाकून तरातरा कालव्याकडे गेले. बराच वेळ काठावर उभे राहिले, वाकून पाहिलं, हात बुडवला. मला वाटलं, आता हा माणूस रागावून पुण्याला परत निघतो. तर तोंडावर असा आनंद, की नातवंडं भेटली असावीत. ‘अहो, शेवटच्या टोकाला पोचलंय पाणी!’ मग लगेच कपाळाला आठ्या, ‘पण अस्तर फुटलंय, गळतंय बघा इथून.’ मैदानाच्या मागच्या बाजूला वाळूचे दोन-तीन होल अजून शिल्लक होते, त्यावर आम्ही पुन्हा पुन्हा खेळलो. माझी दमछाक व्हायची. चार पावलं चढाची वाळू आली की मी काठी टेकून उभा. ते पुढे गेलेले मागे यायचे. मला त्या वेळी सारखं वाटायचं, की या वाऱ्यासारख्या माणसाच्या गळ्यात मी लोढण्यासारखा अडकलोय.

हीच गोष्ट मला पुढे खात राहिली. पुण्याला आल्यावर लिमये डोंगराच्या मागे लागले, पण कुठल्या? लाल रेषेखालच्या. उटी बाद, कोडाईकनाल बाद. शिमल्याजवळचं नालदेहरा तर जेमतेम वर होतं. ‘अहो, वीतभर तर जास्त आहे!’ मी म्हणालो. ‘रेषा म्हणजे रेषा,’ ते म्हणाले. शिलाँग खाली होतं, पण तिथे चेंडू दिसण्यापेक्षा पाऊसच जास्त दिसेल म्हणून ते गेलं. उरलं राणीखेत. छान मैदान, समोर हिमशिखरं, ज्यांना विचारलं त्यांना होलही आठवत होते. ऑक्टोबरातलं आरक्षणसुद्धा करून टाकलं. पण लिमयांना तिथलं काही सांगताना मी बघायचो ना, कर्नलनं गुलमर्गचं सांगितलं तेव्हाचा तो चेहरा नसायचा. मी आडून सुचवलं, सरळ सांगितलं, हात जोडले, की तुम्ही गुलमर्गला एकटे जाऊन या. सत्तरी उलटलीय, गुडघे आज आहेत, उद्या नाहीत. ते विषय बदलायचे. म्हणून त्या शेवटच्या संध्याकाळी मी आवाज चढवला. माझ्या छातीसाठी त्यांचं गुलमर्ग बुडायला नको होतं. आणि ते बुडालंच.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दुकानात बसतो आणि उठतो. गिऱ्हाइकानं टेबल टेनिसचे चेंडू मागितले तर शटलकॉक काढून देतो. नसीम, माझी बायको, म्हणते, ‘अहो, पुण्याला एक लिमये पुरे होते, तुम्ही कशाला होताय?’ येरवड्याला गेलो, काठी न काढताच परतलो. बसनं विश्रांतवाडीला गेलो, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो, वाण्याकडून उगीच काडेपेटी घेतली आणि समोरची बस पकडून मागे आलो. असं एकदा नाही, पुष्कळदा झालं. वहिनींना तोंड कसं दाखवायचं? जिवंतपणी ज्या माणसाला एक गोष्ट मनापासून हवी होती, ती त्याला माझ्यामुळे मिळाली नाही, हे त्यांनाही माहीत असणारच की.

शेवटी वहिनींनीच वाण्याच्या दुकानाशी मला गाठलं. भाजीची पिशवी हातात. ‘मुश्ताकभाई, रोज काडेपेट्या नेऊन काय करता? चला घरात.’ घरात गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांच्या काठ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, मी बसवलेल्या पकडी काळवंडलेल्या. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. राणीखेत, गुलमर्ग, शेवटचं भांडण, सगळं. रडलो, खोटं कशाला सांगू.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘गेल्या वर्षी मेधानं यांना गुलमर्गचं तिकीट काढून दिलं होतं. मैदानावरचे चौघे चालले होते, त्यांच्याबरोबर. तुम्हाला नसेल सांगितलं.’

मला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘मग?’

‘मग काय, रद्द करायला लावलं. मीही चिडले. म्हटलं, मुश्ताकभाईंसाठी किती दिवस अडून राहणार? तर म्हणाले, ते चौघे फार भराभर खेळतात. मुश्ताकभाईंना दम लागतो तेव्हा मला थांबावं लागतं. आयुष्यात मी तेवढाच थांबतो. थांबलं की आजूबाजूचं दिसतं. त्यांच्याशिवाय गेलो तर गुलमर्ग नुसता पळत पार करून येईन.’

मी मटकन खुर्चीवर बसलो. अहो लिमये... हे मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एवढी भांडणं केलीत, एवढे टोमणे मारलेत, त्यात हे एक वाक्य बसत नव्हतं? राग आला, आणि त्या रागाबरोबर इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझंही उतरलं. वहिनी आत गेल्या, चहा ठेवला. आतूनच विचारलं, ‘ऑक्टोबरचं आरक्षण अजून आहे ना?’

‘आहे. पण आता मी कुणाबरोबर...’

त्या कप घेऊन बाहेर आल्या. ‘नसीमला विचारा. आणि मी येते. मला ती काठी धरता येत नाही. पण थांबता येतं. यांच्यासाठी जन्मभर तेच तर केलं. तुम्हाला दम लागला की शेजारी उभं राहायला कुणीतरी लागेल ना?’

‘लागेल,’ मी म्हणालो.