मौर्यांचे दुबळे वारस

वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेले आणि सुतकातच माझा बी.ए.चा इतिहासाचा पेपर आला. साठीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि कन्नड मुलखातल्या मोठ्या शहरात, राजाजीनगरात, बांधलेलं आमचं घर अजून नवं होतं. बेळगावहून आलेले काका म्हणाले, "सुतकात कुठं जातीस? आणि शिकून तरी काय? आता सगळ्यांनी बेळगावलाच यायचं." काकांच्या घरी गेलं की माझं शिक्षण संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण त्याचं वाईटसुद्धा वाटत नव्हतं. आई भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, "जाऊ दे तिला."

परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकांनी हॉल तिकिटासाठी हात पुढे केला. मी ते टेबलावर ठेवून मागे सरले. सुतकात कुणाच्या हातात काही द्यायचं नाही, तीच सवय अंगात भिनली होती. त्यांचा हात तसाच राहिला. मुलगी भलतीच शिष्ट दिसते, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

मौर्य साम्राज्याचा ऱ्हास का झाला आणि पुढे काय घडलं, हा पहिलाच प्रश्न. अण्णांचा लाडका! ते कारखान्यात इंजिनिअर, पण रविवारी दाढी करता करता मौर्यांवर बोलायचे. अशोकाच्या अहिंसेला लोक उगाच दोष देतात; खरी गोम म्हणजे सगळा कारभार एकाच्या हाती आणि वारस दुबळे. मी तेच उतरवलं. शेवटच्या राजाला त्याच्याच सेनापतीनं सैन्यासमोर मारलं, शुंग गादीवर आले, दूरचे प्रांत सुटत गेले. अक्षर सुरेख आलं. मन मात्र बधिर होतं.

घरी आले तर काकांनी घर भाड्यानं द्यायचं ठरवूनही टाकलं होतं. आई कोपऱ्यात बसलेली. भाजी, बँक, वाण्याशी कन्नडात घासाघीस, सगळं अण्णाच बघायचे, तेही मोठ्या हौसेनं. इतकी वर्षं या शहरात राहून आई बसमध्ये कधी एकटी चढली नव्हती.

"काय लिहिलीस गं?" तिनं विचारलं.

मी सांगत गेले. वारस दुबळे निघाले, म्हटल्यावर तिनं मला थांबवलं.

"दुबळे कशानं? त्यांना कुणी कधी काही करू दिलं होतं काय?"

अण्णांवर ती रागावलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मग पदर सारखा करून ती काकांकडे वळली. "भावजी, आम्ही इथंच राहणार. हिचं कॉलेज आहे."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.