अर्धा कोरा दगड

बीएच्या तिसऱ्या वर्षाला वर्गातल्या पोरांनी त्यांचं नाव दगडकाका ठेवलं होतं. वय अठ्ठावन्न, धंदा दगडावर अक्षरं कोरण्याचा. दारावरच्या पाट्या, उद्घाटनाच्या फरशा, थडग्यांचे दगड. ज्यांच्या फरशा कोरल्या त्या इमारतींत त्यांना पुढच्या दाराने कुणी घेतलं नाही, ते सोडा. बायको गेली आणि घरात बोलायला भिंतीच उरल्या, तेव्हा भिंतींपेक्षा मास्तर बरे म्हणून त्यांनी कॉलेजात नाव घातलं.

आज प्राचीन ग्रीस आणि रोमवर विद्यार्थ्यांची निबंधवाचनाची स्पर्धा होती. काकांचा नंबर शेवटचा. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्यांनी सकाळीच पिशवी ठेवून जागा धरली होती. "बाबा, नक्की येते," असं लेक म्हणाली होती.

एका पोरीने ग्रीक नाटकांतल्या मुखवट्यांवर वाचलं, एका पोराने रोमन स्नानगृहांवर. टाळ्या झाल्या, चहा झाला, आणि चहाबरोबर अर्धं सभागृह रिकामं झालं.

"काका, सॉरी हां, माझी बस सुटेल," मुखवटेवाली म्हणाली.

"पळ तू. माझा रोमन दोन हजार वर्षं थांबलाय, त्याला कसली घाई?"

काका उभे राहिले तेव्हा समोर सात माणसं होती आणि एक पिशवी.

पडद्यावर रोमन थडग्याचा फोटो आला. वर एका बाईचं नाव, खालचा अर्धा दगड कोरा.

"पुस्तकवाले म्हणतात, कारागिराने काम अर्धवट टाकलं. साफ खोटं! इथं बघा." कोऱ्या भागावर केसाएवढ्या आडव्या रेघा दिसत होत्या. "अक्षरं यायची असतील तरच आम्ही रेघा आखतो. हौस म्हणून दगडावर हात कोण झिजवेल? ही जागा नवऱ्याची. राखून ठेवलेली."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "कुठल्या अभ्यासकाने म्हटलंय हे?"

"अभ्यासकांनी कधी छिन्नी धरली असती, तर म्हटलं असतं."

मागे कुणीतरी खुसखुसलं. बाई हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. "बरं, मानलं. मग नवऱ्याचं नाव का नाही आलं तिथे?"

याचं उत्तर काकांच्या कागदात नव्हतं. महिनाभर भिंग लावून रेघा मोजल्या, अक्षरांची उंची मापली, आणि नेमका हाच प्रश्न टाळला. चार वर्षांपूर्वी बायकोच्या दगडावर खालच्या अर्ध्यात त्यांनी स्वतःच्या हाताने रेघा आखल्या होत्या.

त्यांची नजर पिशवीवर गेली.

"सांगायला कुणी उरलं नसेल, बाई. कारागीर काही आपण होऊन येत नाही. कुणीतरी दुकानात जाऊन सांगावं लागतं."

बक्षीस स्नानगृहाला मिळालं. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "ते रेघांचं मला नीट लिहून द्या." काकांनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

जिन्यात फोन वाजला. "बाबा, काम लांबलं हो. रागावलात?"

"नाही गं."

"कसं झालं?"

"एक प्रश्न आला."

"जमलं ना उत्तर?"

"जमलं."

"मग झालं तर! ठेवते हां."

दुकानातून छिन्नी-हातोडी घेऊन ते उजेड असतानाच दफनभूमीत पोचले. दगडावरच्या रेघांत धूळ भरली होती. बोटाने पुसली, रेघा सुतासारख्या सरळ होत्या. गवतात गुडघे टेकून त्यांनी बायकोच्या नावाखाली आपलं नाव कोरायला घेतलं. मग जन्माचं साल. त्यापुढे एक छोटी आडवी रेघ, आणि रेघेपुढे चार आकड्यांची जागा.

तेवढ्यासाठी मात्र कुणाला तरी दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढावीच लागणार होती.