तोंड उघड

"आधी दारू सोड. मग हात पुढे कर."

मास्तर एवढंच बोलले. हळू बोलले असते तर मी गिळून टाकलं असतं. पण वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय लागलेला तो आवाज, देवळात काय लहान होणार? वरच्या घंटेत झोपलेली कबुतरंसुद्धा उठली असतील.

रविवारची सकाळची मिस्सा होती, चर्चमधली. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. नव्वदच्या दशकाचा शेवट. आमच्याकडे कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, दोन रांगा लागतात. मधली फादरची. दुसरी बाजूच्या दाराकडची, तिथे फादरनी नेमलेले शाळेचे मास्तर देतात. दाराकडचे बाक आम्हा कोळ्यांचे. तिथे नाव लिहिलेलं नाही, लिहायची कधी गरज पडली नाही. पुढचे बाक वाडीवाल्यांचे. केळीच्या बागा त्यांच्या, शाळा त्यांची, गायकवृंदात तेच. ख्रिस्ती तेही, ख्रिस्ती आम्हीही. फक्त आमच्या अंगाला मासळीचा वास आणि त्यांच्या नाकाला तो लगेच कळतो.

माझा नंबर आला. मास्तरांनी ती पांढरी गोल भाकर वर धरली. "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," मी म्हणालो. डावा हात वर, उजवा खाली, लहानपणी शिकवलं तसा. उजवा थरथरला. त्यानं वरच्या डाव्याला हलवलं. आणि ती भाकर, माशाच्या खवल्याहून हलकी, तळव्यावरून घसरली आणि फरशीवर पडली.

आवाज झाला नाही. मला विचाराल तर विरारपर्यंत ऐकू गेला.

मास्तर वाकले. पडलेली भाकर टाकायची नसते, म्हणून उचलून स्वतःच्या तोंडात घातली. मग ते वाक्य बोलले. मग दुसरी भाकर काढली.

"तोंड उघड."

चाळिशीला टेकलेला बाप्या मी. मागे बायको उभी, तिच्या मागे अख्खा पाडा. मी तोंड उघडलं. घरट्यातल्या पिल्लासारखं.

आता एक सांगतो, हसू नका. त्या दिवशी माझ्या पोटात दारूचा थेंब नव्हता. माझ्या तोंडून हे वाक्य किती विनोदी वाटतं ते मला ठाऊक आहे. मी पिणारा माणूस. समुद्राला ओहोटी लागते ती माझ्यामुळे, असं आमच्या पाड्यात म्हणायचे. पण गंमत ऐका. पीत होतो तेव्हा हा हात दगडासारखा स्थिर असायचा. शनिवारची उतरलेली नसायची आणि मी रविवारी याच मास्तरांच्या पुढे हात करायचो. कधी काही सांडलं नाही. कधी कोणी काही बोललं नाही. सोडली, आणि दारुडा ठरलो.

दुसरी माझी ख्याती थापाड्याची. राजोडीच्या अलीकडे, वाळूला लागून आमचा पाडा. तिथे कोणालाही विचारा. मी धरलेल्या घोळ माशाच्या पोटातून किल्ल्यावरची तोफ निघाली होती. एक पापलेट असं मिळालं की अर्ध्या आगाशीनं तळून खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्या आगाशीला काट्यांचा रस्सा पुरला. सुट्टीला किनाऱ्यावर येणारे मुंबईचे लोक माझ्या गोष्टी ऐकून माझ्यासोबत फोटो काढायचे.

म्हणून त्या रविवारच्या आधी आमची होडी उलटली तेव्हा सगळा पाडा माझ्या अंगणात जमला. गोष्ट ऐकायला. दुःख होतंच लोकांना. पण कानही लागले होते. मी बसून राहिलो. माझ्याकडे गोष्टच नव्हती.

जे होतं ते एवढंच. होडीत मी आणि जुझे, माझा मावसभाऊ. भर दुपार. खाडीच्या तोंडाशी पोचलो होतो, देवळाचा मनोरा दिसत होता. लाट आली. होडी उलटली. डाव्या हातानं मी तरंगणारा रिकामा डबा धरला, उजव्या हातानं जुझेचं मनगट. पुढची लाट आली. तिनं त्याला ओढून नेलं.

यात मी एक शब्द वाढवलेला नाही. लाट किती उंच होती, विचारू नका. बघितली नाही.

जुझेचा देह दोन दिवसांनी अर्नाळ्याच्या बाजूला लागला.

त्यानंतर हा उजवा हात माझा राहिला नाही. जेवताना थरथरायचा, क्रूसाची खूण करताना थरथरायचा. आंघोळीला डोक्यावर तांब्या ओतला की श्वास अडकायचा, छातीत कोणीतरी मोगरीनं कपडे धुतंय असं वाटायचं. झोप गेली. दारूचा वास आला तरी त्या खाऱ्या पाण्याची चव तोंडात यायची, म्हणून ती सुटली. होडीवर कोणी घेईना. किनाऱ्यावर शहाळी विकायला बसलो. थरथरत्या हातात कोयता बघून गिऱ्हाईकं अशी पळायची, की मला वाटतं त्यातली काही अजून पळत असतील.

आणि दर रविवारी तेच. माझा नंबर आला की मास्तर माझ्या हाताकडे बघायचेच नाहीत. "तोंड उघड."

जिभेवर घ्यायला लाज नाही. माझी आजी मरेपर्यंत जिभेवरच घ्यायची, डोळे मिटून, आणि तेव्हा ती राणीसारखी दिसायची. पण तिला कोणी हुकूम सोडला नव्हता. माझ्या पुढच्याला हातात, मागच्याला हातात, आणि मधे मी, जबडा पसरून. पाड्यातली पोरं मला बघून तोंडाचा चंबू करायला लागली. नाक्यावर एकानं विचारलं, "काय रं, आज किती घोट झाले? मास्तरला वास आला का?"

फादरना जाऊन सांगितलं. फादर चांगले होते. ते म्हणाले, "मास्तरांची सेवा फार मोठी आहे. तू जरा समजून घे." आमच्याकडे समजून घ्यायचं काम नेहमी दाराकडच्या बाकांना मिळतं.

मास्तरांचं निदान ठरलेलं होतं. पाप. दारू आणि विश्वासाची कमतरता. इतक्यांदा ऐकलं की मलाही पटलं. मी गुडघ्यावर बसून देवाला विचारायचो, माझं नेमकं कुठलं पाप? यादी मोठी होती, देवालाही वेळ लागला असता.

शेवटी फिलू, माझी बायको, मला ओढत आगाशीच्या वाटेवरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर बसायच्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तो थांबायची वाट न बघता तसाच धरून ठेवला.

"काय होतंय, भाऊ?"

"हात थरथरतो, सिस्टर. मास्तर म्हनतात पाप हाय. विश्वास कमी पडतो."

"थंडीत दात वाजतात, तेव्हा कुठलं पाप शोधता?"

मी त्यांच्या हातातल्या माझ्या हाताकडे बघितलं.

"ही भीती आहे. अंगात अडकून बसलीय. तुम्ही किनाऱ्याला लागलात हे डोक्याला कळलंय. हाताला अजून कळलेलं नाही."

मग त्यांनी मला चपला काढायला लावल्या. पाय फरशीवर टेकायला लावले. "जमीन लागते का पायाला? लागते ना? आता श्वास आत घ्या. मनात म्हणा, प्रभू येशू. सावकाश सोडा. म्हणा, मला धर."

"किती वेळा करायचं?"

"मोजू नका. तुम्ही मोजलंत की फुगवून सांगाल."

म्हणजे माझी कीर्ती दवाखान्यापर्यंत पोचली होती.

त्यांनी मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. मी घाबरलो. "गोळ्या घेतल्या तर देवाला राग येनार नाय ना?"

"जाळं फाटलं की नुसती जपमाळ ओढत बसता, की सुई पण घेता?"

"दोन्ही."

"मग?"

निघताना त्या म्हणाल्या, वेळेवर जेवा, एकटे बसू नका, सकाळी बायकोबरोबर वाळूवरून चाला. "आणि पाण्यात काय झालं ते एकदा कोणालातरी सांगा. थाप न मारता."

फिलूला सांगितलं. सकाळी, चालताना. इतकी वर्षं ती माझ्या प्रत्येक गोष्टीत मधेच म्हणायची, "चल, काय पन." त्या दिवशी तसं म्हणाली नाही. मी मनगटाची गोष्ट सांगितली. तिनं माझा उजवा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. पाण्याकडे तोंड करून मी त्या दिवशी रडलो. भरती वाढली असेल, पण ते जाऊ दे.

हळूहळू झोप आली. आंघोळ जमायला लागली. श्वास अडकला की पाय टेकायचे, प्रभू येशू, मला धर. कधी लगेच सुटायचा, कधी नाही. हात थरथरायचा कमी झाला. थांबला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.

ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला तेव्हा मास्तरांनी बोलावणं पाठवलं. त्यांच्या वाडीतल्या घरी फिलू कितीतरी वर्षं मासळी द्यायची. पाटी कुंपणाबाहेर ठेवायची, मासळी आत जायची. मी पायरीवर बसलो. ते वर आरामखुर्चीत.

"आरोग्यदानाची मोठी प्रार्थनासभा आहे," मास्तर म्हणाले. "तुझ्यासारखा बोलणारा अख्ख्या धर्मग्रामात नाही. तू साक्ष दे."

"काय सांगू?"

"जे घडलं ते. मी दारुडा होतो. दारूच्या नशेत होडी घातली. नशेत भावाचा हात सोडला. देवानं शिक्षा दिली. मग प्रार्थनेला आलो आणि हात स्थिर झाला."

"स्थिर कुठं झालाय, मास्तर?"

"माइक घट्ट धर. एवढ्या गर्दीत कोणाला दिसतंय? आणि त्या गोळ्या बंद कर. लोकांना कळलं तर साक्षीला अर्थ राहत नाही."

"आनी मग?"

"मग मी तुझ्या हातात देईन. सगळ्यांसारखं."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. मंच, माइक, समोर सगळं गाव. पाच मिनिटांत मी अशी रडारड केली असती की मंडपाखाली होड्या लागल्या असत्या. पहिलं वाक्य मनात जुळलंसुद्धा. एक थाप मारायची आणि हात परत मिळवायचा. आयुष्यभर फुकट मारल्या, ही एक भाव मिळवून देणारी होती.

मग त्या वाक्यात जुझे आला.

माझ्या थापांत मासा मोठा होतो. माणूस कधी लहान झाला नाही. आजवर माझ्या एकाही थापेत कोणी बुडलेलं नाही, जाऊन विचारा पाड्यात. आणि हा माणूस माझ्याच तोंडून माझ्या भावाला पुन्हा पाण्यात ढकलायला सांगत होता. ह्या वेळी मी हात सोडायचा होता.

"भावाचा हात मी सोडला नाय, मास्तर."

"अरे, म्हणायला तुझं काय जातं?"

"माझं नाय. जुझेचं जातं. त्याला आता उत्तर देता येत नाय."

मास्तर खुर्चीत पुढे झाले. "तुम्हा लोकांचं हेच. देव दारापर्यंत येतो, तुम्ही वासानं पळवता."

मी उठलो. पाय जमिनीला लागतात का बघितलं. लागले. कुंपणाबाहेर आलो.

रविवारी देवळात फिलू कानात म्हणाली, "फादरच्या रांगेत जा ना. कोन बघतंय?"

खरं होतं. चार पावलं बाजूला सरकलो असतो तर फादरनी मुकाट्यानं हातात दिलं असतं. कितीतरी रविवार मला हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा नको वाटलं. मला चोरून मिळणारं नको होतं.

मी मास्तरांच्या रांगेत उभा राहिलो. चपला बाहेर काढल्या होत्या. फरशी गार होती. प्रभू येशू. मला धर.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन." आणि तोंड मिटलं. डावा वर, उजवा खाली. कोपरं बरगड्यांना टेकवली. उजवा थरथरत होता, चांगलाच.

"तोंड उघड."

मी हात आणखी पुढे केले.

"अरे, तोंड उघड म्हणतो ना."

माझ्या मागे रांग थांबली. गाणं संपलं, पेटी नुसती वाजत राहिली. कोणीतरी पुटपुटलं, "याचं तोंड बंद? आज जग बुडतंय का काय?" ज्या तोंडानं तोफा गिळणारे मासे धरले, ते तोंड मी असं मिटलं होतं की दात दुखत होते.

मास्तरांचा हात हलला असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. नाही हलला. अगदी स्थिर होता. त्या स्थिर हातानं त्यांनी ती भाकर माझ्या खांद्यावरून मागे नेली आणि फिलूपुढे धरली. फिलूनं घेतली. तिनं का उपाशी राहावं? मी रिकाम्या हातानं बाकावर येऊन बसलो. गुडघे टेकले. प्रार्थना केली. श्वास चालू होता.

घरी जाताना तिनं विचारलं, "असं किती रविवार करनार?"

"मोजनार नाय," मी म्हणालो.

प्रार्थनासभेत दुसऱ्या कोणीतरी साक्ष दिली. चांगली दिली म्हणतात. मी गोळी घेतो. पाय टेकतो. किनाऱ्यावर बसून मुंबईच्या लोकांना घोळ माशाची गोष्ट सांगतो, त्या तोफेत आता मी गोळापण घातलाय. कोणी होडीचं विचारलं तर मात्र जेवढं झालं तेवढंच सांगतो.

आणि रविवारी फादरची रांग सोडून मी दाराकडच्या रांगेत उभा राहतो. हात थांबेल तेव्हा थांबेल. त्याच्यासाठी मी थांबणार नाही. थरथरतो तसा पुढे करीन. तोंड बंद ठेवीन. ज्याला द्यायचंय त्यानं ह्या हातात द्यावं.