दुसऱ्या पसंतीची रिकामी चौकट

शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत मी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा प्रचार केला. चाकणजवळच्या आमच्या शाळेत ते माझे वरिष्ठ होते. त्यांच्याविरुद्ध एक संस्थाचालक उभे होते, ज्यांच्या शाळांत शिक्षक वर्षानुवर्षं कायम होत नाहीत. तिसऱ्या होत्या शिक्षकांसाठी भांडणाऱ्या एक बाई.

या निवडणुकीत नावांसमोर पसंतीचे आकडे लिहायचे असतात. तुमचा एक नंबरचा उमेदवार बाद झाला तर मत दोन नंबरवाल्याला जातं. तोवर दुसरी पसंती कोणी बघतही नाही. तरी आमचा प्रचारप्रमुख शाळाशाळांत सांगत फिरला, फक्त एक लिहा, दोन लिहिलात तर सरांचं मत कापलं जाईल. मी त्याला बाजूला घेऊन नियम समजावला.

"राव, तुमचं गणित वर्गात ठेवा," तो म्हणाला.

मी सरांकडे गेलो. त्याला अनुभव आहे, एवढंच ते म्हणाले.

मोजणीला मी सरांचा प्रतिनिधी म्हणून जाळीबाहेर बसलो. पहिल्या फेरीत संस्थाचालक पुढे, बाई थोड्या मागे, सर तिसरे. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नव्हती, म्हणून सर बाद झाले आणि त्यांचे गठ्ठे पुन्हा सोडले. कर्मचारी एकेक मतपत्रिका दाखवू लागला. एक, पुढं काही नाही. पुन्हा एक, पुढं काही नाही. ज्यांवर दोन होता त्या बहुतेक बाईंकडे जात होत्या, पण होत्याच किती! बाकीचा ढीग कोणाच्याच नावावर न जाता बांधून ठेवला. संस्थाचालक निसटते निवडून आले.

शाळेत विज्ञानाच्या मॅडमनी मला गाठलं. त्यांची बहीण त्या संस्थाचालकांच्याच शाळेत शिकवते. त्यांनीही फक्त एक लिहिला होता.

"मग माझं मत कुणाला गेलं?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं थेरगावला सरांच्या घरी गेलो. प्रचारप्रमुख तिथंच सोफ्यावर होता. सर म्हणाले, झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नका.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचं झालं. माझ्या बहिणीला उद्या त्याच शाळेत जायचंय."

सरांनी मान खाली घातली. प्रचारप्रमुख म्हणाला, मॅडम, राजकारणात असं चालतं. माझं डोकं तडकलं. चालत नाही, तुम्ही चालवलंत, असं मी त्याला सुनावलं आणि चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.