लॉबीची फरशी आणि मोटरसायकलचे बूट

मी एकोणसाठ वर्षांची आहे आणि मोटरसायकल चालवते. हे एका दमात सांगितलं की कोथरूडमधला समोरचा माणूस आधी माझ्या नवऱ्याकडे बघतो, जणू परवानगीचा कागद त्यांच्या खिशात आहे. हे मग शांतपणे सांगतात, "मी मागे बसतो."

मागे बसायची वेळ त्यांच्यावर काचबिंदूने आणली. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली त्या दिवशी ह्यांनी चावी फ्रीजवरच्या वाटीत टाकली आणि पुढचे दोन महिने बाल्कनीतल्या खुर्चीतून हलले नाहीत. भाजी आणायलासुद्धा नाही. मी आयुष्यभर स्कूटर चालवलेली बाई. शेवटी एके दिवशी वाटीतली चावी उचलली आणि तीन आठवडे सकाळी सहा वाजता मैदानावर जाऊन क्लच नावाच्या प्रकाराशी भांडले. तेव्हापासून दर रविवारी आम्ही पौड रस्त्याने मुळशीच्या दिशेला जातो. हे मागून सांगतात, "तिसरा टाक. आता चौथा." इंजिनाच्या आवाजावरून त्यांना चढ कळतो, वळण कळतं, माझं लक्ष कुठे आहे तेही कळतं. आठवड्यातले सहा दिवस ते या एका दिवसाच्या भरवशावर काढतात.

आता फरशीबद्दल सांगते. आमच्या सोसायटीचं पार्किंग अर्धा मजला खाली आहे. तिथून फाटकापर्यंत रॅम्प चढून यायचं आणि वर रस्त्यावरच्या गाड्या जाईपर्यंत उतारावरच थांबायचं. दोन वर्षांपूर्वी लॉबीत नवी गुळगुळीत फरशी बसवली, तेव्हा बरीच उरली. कमिटीने ठराव केला की वाया घालवायची नाही, रॅम्पला लावून टाकू. झाडून पुसून रॅम्प असा चकचकीत झाला की वाकलं की तोंड दिसावं. पावसाळ्यात त्याच्यावरून मांजरंसुद्धा भिंतीच्या कडेने जातात.

कमिटीला नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही, कारण आमचं घरही त्याच विचारांचं. हे ज्या कारखान्यात होते तिथे दरवर्षी जाड तळाचे सेफ्टी बूट मिळायचे. जुने फाटेपर्यंत नवे काढायचे नाहीत, या शिस्तीपायी निवृत्तीच्या वेळी चार कोरे जोड वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. त्यातला एक, चुकून लहान मापाचा आलेला, नेमका माझ्या पायाचा निघाला. एवढे भक्कम बूट घरात असताना विकत कशाला घ्यायचे? जुलैतल्या एका रविवारी मी ते काढले, पुसले आणि ऐटीत घातले. नऊ वर्षं माळ्यावर असलेले कोरे करकरीत बूट.

पाऊस भुरभुरत होता. रॅम्पवर फाटकाशी मी थांबले. उजवा पाय ब्रेकवर, डावा फरशीवर. गाडीचा आणि आम्हा दोघांचा भार डाव्या पायावर आला आणि पायाखालचं काहीतरी सरळ निघून गेलं. मी, हे आणि गाडी, तिघंही डावीकडे आडवे झालो. ह्यांचं कोपर सोलवटलं, माझा गुडघा सुजला, आरसा फुटला. उठून बघते तर बुटाचा तळ चहात जास्त वेळ राहिलेल्या टोस्टासारखा तुकडे होऊन फरशीवर पसरलेला. वापरला नाही म्हणजे तो टिकला असं नव्हतं, माळ्यावर बसून आतल्या आत कुजला होता.

वरच्या गॅलरीतून सेक्रेटरींनी विचारलं, "काकू, लागलं का? गाडी जडच आहे हो तुम्हाला."

संध्याकाळी मुलगा आला. हिंजवडीत नोकरी करतो, तिकडेच राहतो, आणि काळजी करायची त्याची पद्धत म्हणजे फोन बाहेर काढणं. चहा होईपर्यंत त्याने गाडीचे फोटो विक्रीला टाकले, जेवण होईपर्यंत गिऱ्हाईक ठरवलं. पुढच्या रविवारी सकाळी दहाला.

"आई, प्लीज. बाबांचं हाड मोडलं असतं तर? या वयात रिस्क नको. इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ, एकदम लाइट."

"गाडी पडली नाही. बूट पडला."

"इट्स नॉट अबाउट बूट, आई."

"बुटाचाच प्रश्न आहे," मी म्हटलं. "रविवारी गिऱ्हाईक येऊ दे. त्याच रॅम्पवर, ओल्या फरशीवर, बाबांना मागे बसवून मी गाडी थांबवून दाखवते. पाय जागचा हलला तर चावी मीच त्याच्या हातात देईन."

तो बाबांकडे वळला. हे कोपराला मलम लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मी बसतो."

बोलून तर बसले, पण खरं सांगते, मला त्या रात्री धड झोप आली नाही. गाडीची भीती नव्हती. ती गेली की हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि या वेळी मला उठवता येणार नाही, ही भीती होती. मंगळवारी मी बाहेरून आले तर माळा उघडा होता आणि उरलेले तीन जोड कचऱ्याच्या पोत्याशेजारी. हे म्हणाले, "माझ्या बुटांनी तुला पाडलं गं." तेवढं बोलायला त्यांना दोन दिवस लागले होते. मी म्हटलं, "अहो, घातले मी ना?" पण त्यांचा चेहरा पाहून मी त्याच वेळी न घसरणारे बूट शोधायचा चंग बांधला.

आधी एका मोठ्या झगमगीत दुकानात गेले. तिथली मुलगी सारखी "मॅम, हे वॉटरप्रूफ आहेत" म्हणत होती. मी म्हटलं, बाळ, पाय कोरडा राहिला म्हणजे फरशी धरतो असं नाही, कोरड्या मोज्यानिशीसुद्धा माणूस उताणा पडू शकतो. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरही वॉटरप्रूफच म्हणाला.

मग माझं मलाच हसू आलं. तेहतीस वर्षं मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. दरवर्षी मुलांसाठी घर्षणाचा प्रयोग मांडून दिला. फळीवर ठोकळा ठेवायचा, फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं, ठोकळा कितव्या अंशाला घसरतो ते लिहायचं. इतक्या वर्षांत इतके ठोकळे घसरवले, आणि स्वतःच्या पायासाठी प्रयोग करायचं सुचू नये?

बुधवारी सोसायटीच्या पंपाच्या खोलीतून उरलेल्या फरशीचा एक तुकडा उचलला. पिशवीत फरशी, पाण्याची फवारणीची बाटली, जुना टॉवेल, मिठाचा एक किलोचा पुडा आणि दोरा-वजन लावलेला मोठा कोनमापक. बसने पेठेत गेले. तिथे एक जुनं, बोळासारखं दुकान आहे. मालक माझ्याच वयाचे.

"काय हवंय?"

"मोटरसायकलचे बूट. ओल्या फरशीवर न घसरणारे."

"साहेबांचा नंबर?"

"साहेब मागे बसतात. नंबर माझा. सहा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पण बूट काढले. चार जोड. मी पिशवीतून फरशी काढून काउंटरवर ठेवली, शेजारी बाकीचं साहित्य.

"बाई, आपण बूट घ्यायला आलात की पूजा मांडायला?"

"पाणी सांडणार नाही. टॉवेल आणलाय."

"एक वाजता दुकान बंद होतं."

"मग लवकर सुरुवात करू. हे धरा," म्हणून मी कोनमापक त्यांच्या हातात दिला. एकटीने होणारा प्रयोग नव्हता तो. फरशी मी उचलणार, अंश त्यांनी वाचायचे.

पहिला बूट दुकानातला सगळ्यात देखणा. तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे मोठे ठोकळे. त्याच्यात वजनाला मिठाचा पुडा ठेवला, फरशी भिजवली आणि उचलू लागले. मालक वाचत होते, "पंधरा... अठरा... गेला." चिखलात तो बूट राजा असेल, पण गुळगुळीत फरशीला त्याची फक्त चार टोकं टेकत होती. दुसरा बावीसला गेला. तिसऱ्याच्या तळात मी अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, रुतेना, तेव्हाच कळलं की रबर कडक आहे. तोही टिकला नाही. मालक आता काउंटरच्या या बाजूला आले होते. "थांबा, पाणी कमी झालं," म्हणून त्यांनी स्वतः बाटली घेतली आणि फवारलं. चौथाही गेल्यावर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला असावा. तडक खाली वाकून त्यांनी सगळ्यात खालच्या फळीवरून एक साधा, काळा, कुणी ढुंकूनही न बघितलेला जोड काढला.

"हा बघा. दिसायला काही नाही."

तळाचं रबर मऊ, नख सहज रुतलं. बारीक खाचा दाट, आणि प्रत्येक खाच कडेपर्यंत गेलेली, पाण्याला बाहेर जायला वाट. टाच वेगळी. डाव्या चवड्यावर गिअरसाठी जाड पट्टी, नाडीवर झाकण. मी बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल चष्मा लावून वाचलं. मालकांनी विचारलं, "काय शोधताय?"

"जन्मतारीख. माझं एकदा फसून झालंय."

गेल्या वर्षीचाच होता. फरशी उचलायला लागले. पंचवीस. अठ्ठावीस. तीस. मालकांचा आवाज चढत होता. चौतीसला तो किंचित हलला. रॅम्पचा उतार मी आधीच मोजला होता, तो दहाच अंश होता. आम्ही दोघंही दोन शाळकरी पोरांसारखे एकमेकांकडे बघून हसलो. घड्याळात दीड वाजून गेला होता आणि पेठेतल्या दुकानाचं शटर उघडं होतं! शेजारच्या दुकानदाराने येऊन विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

रविवारी नेमका पाऊस थांबला. ऊन पडलं. पावणेदहाला मुलगा म्हणाला, "फरशी कोरडी आहे, आई. हे काउंट नाही होणार." मी बागेचा पाइप आणला आणि फाटकापासून खालपर्यंत रॅम्प धुऊन काढला. तोपर्यंत गॅलऱ्या भरल्या होत्या. सेक्रेटरी चहाचा कप घेऊनच उभे होते. गिऱ्हाईकही आलं, पंचविशीतला मुलगा, हेल्मेट काखेत धरून फाटकाशी थांबला.

हे मागे बसले. दोन्ही हातांनी त्यांनी मागची दांडी इतकी घट्ट धरली की गाडीला ते जाणवलं. मी पहिला गिअर टाकला, चढ घेतला आणि जिथे पडलो होतो त्याच फरशीवर थांबले. उजवा पाय ब्रेकवर, डावा खाली. पाण्याचा ओघळ बुटाखालून जात होता.

"मोजा," मी म्हटलं.

"कितीपर्यंत?"

"तीस."

त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. दहाच्या आसपास माझी मांडी भरून आली, पण पाय खिळल्यासारखा होता. मी नव्या आरशात बघितलं. पंधराच्या पुढे त्यांनी एक हात दांडीवरून काढला, मग दुसराही, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, देवळात बसावं तसे निवांत बसून मोजत राहिले. तिसाला थांबलेच नाहीत. चाळीसपर्यंत गेले.

क्लच सोडून मी फाटकाबाहेर आले तेव्हा गॅलरीतून टाळ्या पडल्या. सेक्रेटरींच्या हातात कप होता, म्हणून त्यांनी मान डोलावली. मुलगा जवळ आला. त्याने खिशातून फोन काढला, जाहिरात उघडली आणि माझ्यासमोर पुसून टाकली. डोळे ओले होते त्याचे.

गिऱ्हाईक अजून तिथेच घुटमळत होतं. मला वाटलं आता हा भांडणार, उगाच बोलावलं म्हणून.

"काकू," तो माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "हे बूट कुठून घेतले?"

मी पत्ता सांगितला. वर हेही सांगितलं की फरशी सोबत ने, मालक मदत करतात, फक्त एकच्या आत जा.

मग रस्ता मोकळा झाला. गाडी चालू होती, दोघंही तयार होतो, आणि रविवारही होताच. मागून आवाज आला, "अगं, थांबलीस का? पहिला टाक."